केस कापा म्हणे, मग बाइक चालवा!

गिरगावकरीण
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एका काकांनी टाकलं: "केस मोकळे सोडून बाइक उडवणाऱ्या मुलींनी आधी केस कापावेत, मग लायसन्स काढावं." खाली अंगठ्यांची रांग. तिथे उत्तर दिलं तर विषय पार्किंगपर्यंत जाणार, म्हणून इथे लिहितेय.

माझे केस कमरेपर्यंत आहेत आणि रोज गिरगाव ते अंधेरी बाइकने जाते. कोस्टल रोड, सी लिंक दुचाकीला बंद, म्हणजे दादर-माहीमची धूळ खात. मोकळे केस सोडून एकदा जाऊन बघा, संध्याकाळभर टोकाकडून एकेक बट सोडवत बसाल. हौसेने कोणी करत नाही हो हे. मी काय करते? टोकांना तेलाचं बोट, मानेखाली सैल तिपेडी वेणी, ती जॅकेटच्या आत, डोक्याला सुती रुमाल, वर हेल्मेट. घट्ट वेणी नको, कपाळावरचे केस ओढून तुटतात. आणि अंबाडा तर नकोच नको. अंबाड्यावर हेल्मेट मागून उचललं जातं, मग ते घालून उपयोग काय? प्रश्न केसांच्या लांबीचा नाहीच, हेल्मेट डोक्यावर नीट बसतंय का एवढाच आहे.

चेतकवाला मुलुंड
ताई, राग मानू नका, पण काकांचं काय चुकलं? जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, मागच्या चाकात ओढणी गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. बाई रस्त्यावर, नवरा पुढे, त्याला पत्ताच नाही. केस काय नि ओढणी काय, चाकाला फरक कळत नाही. आमच्या वेळी बायका पदर खोचून बसायच्या. आता सांगायला गेलं की स्वातंत्र्यावर गदा!

ग्रीसचे हात
चाकाला नसेल कळत, तुम्हाला तरी कळू दे. ओढणी लांब, हलकी आणि खाली लोंबणारी असते. कमरेपर्यंतची वेणी सीटवर बसल्यावर चाकापर्यंत पोचेल कशी?
आणि ओढणीसाठीच तर साडीगार्ड आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ वाचा. मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं. नवी बाइक आली की पोरं पहिलं काय काढतात? साडीगार्ड. "लूक जातो, काका." माझ्या गॅरेजच्या माळ्यावर ढीग पडलाय, या आणि फुकट घेऊन जा. मुलींना केस कापायला सांगण्याआधी घरच्या पोराची बाइक बघा.

बेस गिटार
मी पुरुष, केस खांद्याखाली. मला कोणी कापायला सांगत नाही, फक्त रिक्षावाले "मॅडम, बाजूला" म्हणतात. पण धोका अगदीच नाही असं नाही. सायनला लेन बदलताना उजवीकडे बघायला गेलो तर मान वळेचना. शेंडीचं टोक सॅकच्या पट्ट्याखाली दाबलं गेलं होतं. आरशात काही नाही, आणि बाजूला बेस्टची बस, इतकी जवळ की खिडकीतल्या माणसाच्या हातातला वडापाव दिसत होता.

चेतकवाला मुलुंड
बघा! मान वळली नाही! मी वेगळं काय सांगतोय?

गिरगावकरीण
वेणी जॅकेटच्या आत, असं मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. वाचायचे कष्ट घेतले असते तर.

सिग्नल तोड्या
हेल्मेटवर प्रवचन देणाऱ्या गिरगावकरीणबाई पाडव्याला बुलेटवर नऊवारी, नथ, फेटा लावून मिरवतात तेव्हा हेल्मेट कुठे असतं?

गिरगावकरीण
वर्षातून एकदा, बंद रस्त्यावर, ढोलपथकाच्या मागे, पायी चालण्याच्या वेगात. त्याची तुलना हायवेशी?

सिग्नल तोड्या
डांबर तेच आहे ना. पाडव्याला काय कापूस अंथरतात?

जय शिवराय ठाकुर्ली
फेट्याला कायद्यात सूट आहे. उगाच आपल्या सणाला नावं ठेवू नका.

ग्रीसचे हात
मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मधली सूट पगडी घालणाऱ्या शिखांना आहे. भाड्याने आणलेल्या रेडीमेड फेट्याला नाही.

डोंबिवली फास्ट नाही
मुळात नववर्षाची यात्रा सुरू केली डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने. बुलेटचे फोटो छापून येतात मात्र गिरगावचे. आमच्याकडेही बुलेटवाल्या आहेत.

जय शिवराय ठाकुर्ली
डोंबिवलीकरांनी आधी खड्डे बुजवावेत. ठाकुर्लीचं नाव तर कोणी घेतच नाही.

डोंबिवली फास्ट नाही
ठाकुर्ली डोंबिवलीतच येतं. घ्या, घेतलं नाव.

मागची सीट
भांडून झालं असेल तर मागे बसणारीबद्दलही कोणीतरी बोला. जून २०२२ पासून मुंबईत मागच्यालाही हेल्मेटची सक्ती झाली. नवऱ्याने स्वतःसाठी पारखून घेतलं, मला फुटपाथवरचं टोपलं आणलं. हेल्मेट नीट बसतं का ते असं बघा: पट्टा बांधून मागच्या कडेला हात घालून वर, पुढे ढकलायचं. निघालं तर फेकून द्या. मी आज आरशासमोर करून पाहिलं. अंबाड्यावर थेट भुवया ओलांडून नाकावर आलं. अंबाडा सोडून वेणी घातली तर बरंच कमी सरकलं, तरी सरकलंच. म्हणजे वेणीही हवी आणि नवं हेल्मेटही. नवऱ्याला हा धागा पाठवलाय, निळी टिक आली, उत्तर नाही.

चेतकवाला मुलुंड
बरं बाई, वेणी चालेल. तुमच्या कोर्टात मी दोषी. फक्त एवढं सांगा, मे महिन्यात मुंबईत जॅकेट कोण घालतं?

गिरगावकरीण
मी. जाळीचं मिळतं. घाम येतोच, पण पडल्यावर कोपर सोलवटून घेण्यापेक्षा परवडतो. पावसाळ्याचं विचारा, तिथे खरंच हात टेकते. न्हालेले ओले केस बांधून हेल्मेटमध्ये कोंडले की कोंडा आणि वास दोन्ही. आदल्या रात्री न्हायचं आणि आतलं अस्तर निघणारं हेल्मेट घ्यायचं, धुता येतं. याहून बरा उपाय कोणाकडे असेल तर सांगा.

सिग्नल तोड्या
टक्कल.

डोंबिवली फास्ट नाही
पावसाळ्याचं नंतर. यात्रा कोणाची ते आधी मान्य करा.