दोन रॅम एकत्र लावल्या की निळी स्क्रीन
रॅमची एकेक स्टिक (पट्टी) चालते, दोन्ही लावल्या की विंडोज बंद पडून निळी स्क्रीन येते, म्हणून लगेच रॅम बदलायला नागपूरची सीताबर्डी बाजारपेठ गाठू नका. आधी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करा. मग चार स्लॉटच्या मदरबोर्डवर प्रोसेसरपासून दुसऱ्या, म्हणजे सहसा ए२ स्लॉटमध्ये एकच स्टिक ठेवून रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ प्रोग्रामच्या चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. नागपूरच्या मे महिन्यात तर ही टेस्ट दुपारीच लावा, काही दोष रॅम तापल्यावरच दिसतात! एक एररही चालत नाही. दुसरी स्टिक त्याच स्लॉटमध्ये तपासा. दोन्ही पास, पण बी२ मध्ये (सहसा चौथ्या स्लॉटमध्ये) कुठलीही लावली की एरर? मग रॅम निर्दोष. प्रोसेसरच्या सॉकेटची वाकलेली पिन किंवा एका बाजूने जास्त आवळलेला कूलर बघा. रॅम डीडीआर५ (नव्या पिढीची) असेल तर पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, तेवढ्यात पॉवर बंद करू नका.