मदत हवी आहे: नवजात काविळीची तपासणी न झाल्याने नातीच्या मेंदूला इजा, ठाणे शहरात तक्रार कशी करावी?

सर्वांना नमस्कार.

हा प्रश्न माझ्या मुलीच्या मुलीसंबंधी आहे. कागदपत्रे समोर ठेवून, त्यांत जेवढे आहे तेवढेच लिहितो आहे. नर्सिंग होमचे किंवा डॉक्टरांचे नाव मी येथे देणार नाही आणि कृपया कोणी विचारूही नये.

मुलीचे सासर नाशिकचे. पहिले बाळंतपण माहेरी म्हणून ती आमच्याकडे कळव्याला आली आणि ठाण्यातील एका खाजगी नर्सिंग होममध्ये आम्ही तिचे नाव नोंदवले. दिवस पूर्ण भरले होते, प्रसूती नैसर्गिक झाली, बाळाचे वजन २.९ किलो होते आणि ते लगेच रडले. हे मुद्दाम सांगतो, कारण मेंदूची इजा म्हटले की बाळ उशिरा रडले असेल असेच ऐकणारा धरून चालतो. ४८ तास व्हायच्या आत दोघींना घरी सोडले. मुलीचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह असल्याचे तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर आहे. बाळाच्या रक्तगटाच्या रकान्यात मात्र डिस्चार्ज कार्डावर नुसती रेघ ओढलेली आहे. तो बी पॉझिटिव्ह असल्याचे आम्हाला पुढे दुसऱ्या रुग्णालयात समजले. आई ओ आणि बाळ ए किंवा बी गटाचे असेल, तर आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाच्या तांबड्या पेशी फोडू शकतात आणि कावीळ झपाट्याने वाढू शकते, म्हणून अशा बाळावर अधिक लक्ष ठेवायचे असते, हेही तेव्हाच कळले.

तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागले. फोन केला तेव्हा "सगळ्याच बाळांना होते, कोवळे ऊन दाखवा" असे उत्तर मिळाले. पाचव्या दिवशी पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला आणि बाळ दूध ओढेना, म्हणून आम्ही त्याला घेऊन गेलो. मुख्य डॉक्टर नव्हते. सहायक डॉक्टरांनी दुपटे उघडून पाहिले आणि एक चिठ्ठी लिहून दिली: वर छापील नाव, तारीख, खाली सही आणि मध्ये तीन ओळी. इक्टेरस (म्हणजे कावीळ), तळपायांपर्यंत. सकाळचे ऊन. अंगावरचे दूध चालू ठेवावे. बिलिरुबिनची, म्हणजे काविळीत रक्तात वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याची, तपासणी त्यात लिहिलेली नाही आणि तोंडीही कोणी सांगितली नाही. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेत आवक-जावक बारनिशी सांभाळण्यात गेली. कागद टाकून देण्याची सवय नसल्याने ती चिठ्ठी मूळ स्वरूपात माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी रात्री बाळ किंचाळल्यासारखे रडू लागले आणि मान मागे खेचली जाऊन पाठ कमानीसारखी ताठली. मुंबईतील रुग्णालयात नेले तेव्हा बिलिरुबिन ३६ होते. तेथे तातडीने रक्त बदलले, निळ्या दिव्यांखाली ठेवले, जीव वाचला. जंतुसंसर्ग नव्हता, जी-६-पी-डीचा (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका विकराचा) अहवालही नॉर्मल आला. एमआरआयमध्ये मेंदूच्या ग्लोबस पॅलिडस या भागात दोन्ही बाजूंना इजा दिसली आणि निदान कर्निक्टेरस, म्हणजे काविळीमुळे मेंदूला झालेली इजा, असे झाले.

येत्या श्रावणात नातीला दोन वर्षे पूर्ण होतील. मान अजून स्थिर नाही. वस्तू धरायला हात पुढे केला की तो मनगटातून पिळवटतो. बेरा या श्रवणाच्या तपासणीत कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या लहरी आल्या नाहीत. वर काही पाहायचे असेल तर डोळे उचलता येत नाहीत, म्हणून ती सारे डोकेच मागे टाकते. समज मात्र चांगली आहे: वाटी-चमचा दिसला की तोंड उघडते, आणि नको असलेले औषध असेल तर तेच तोंड घट्ट मिटून घेते.

कावीळ झाली यात कोणाचा दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. तळपायांपर्यंत पिवळे झालेले बाळ समोर असताना, रक्ताच्या काही थेंबांत होणारी तपासणी केली नाही आणि उन्हावर भागवले, एवढाच आमचा आक्षेप आहे.

आता अडचणी. नर्सिंग होमने केसपेपरच्या प्रती देण्यास तोंडी नकार दिला. मध्यस्थामार्फत मात्र निरोप आला की पुढील उपचारांसाठी काही रक्कम देऊ, एका कागदावर सह्या करा. मी त्या कागदावर सही होऊ दिलेली नाही. जावईबापूंना थेट पोलिसांत तक्रार द्यायची आहे; माझा कल ग्राहक आयोगाकडे आहे, कारण नातीला जन्मभर लागणारा खर्च शिक्षेतून निघणार नाही. (व्याह्यांचे म्हणणे, नाशिकला बाळंतपण केले असते तर हे घडलेच नसते. त्यावर मी काय बोलणार?) बिल सुमारे चाळीस हजारांचे होते आणि ते मी भरले, मग तक्रारदार कोण, मी की मुलगी-जावई? तक्रार ठाण्याला करावी की नाशिकला? दोन वर्षांची मुदत त्या चिठ्ठीपासून मोजायची की एमआरआयपासून? मुंबईतील डॉक्टर "वेळेत आणायला हवे होते" असे तोंडी म्हणतात, पण लिहून देत नाहीत. तज्ज्ञाच्या अभिप्रायाशिवाय प्रकरण उभे राहते का? आणि कळव्याहून जाता येईल असे चांगले उपचार केंद्र कोणते?

प्रतिसाद १

नमस्कार. मी ग्राहक आयोगापुढील प्रकरणे चालवतो. मुदतीपासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळे नंतर सावरता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे मुदत दोन वर्षांची आहे. सबळ कारण असल्यास विलंब माफ होतो, परंतु त्या भरवशावर राहू नका. सर्वांत आधीची तारीख, म्हणजे चिठ्ठीची, धरून तक्रार दाखल करा.

कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो तेथेही तक्रार करता येते, म्हणून नाशिक चालेल. मात्र नर्सिंग होम, साक्षीदार आणि आपण स्वतः ठाण्यात असल्याने मी ठाणेच निवडेन. आता जिल्हा आयोगाची हद्द मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, दिलेल्या मोबदल्यावर, म्हणजे भरलेल्या बिलावर ठरते; ती ५० लाखांपर्यंत आहे, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. तक्रारदार म्हणून पालकांमार्फत बाळ आणि स्वतंत्रपणे आई-वडील, असे दोघेही लावा. पैसे आपण भरले याने बाधा येत नाही. दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या प्रकरणात टायफॉइड झालेल्या मुलाला नर्सने चुकीचे इंजेक्शन दिल्याने त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. तेथे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मूल आणि पालक दोघांनाही ग्राहक मानले आणि मुलाला साडेबारा लाख व पालकांना पाच लाख ही राष्ट्रीय आयोगाने दिलेली भरपाई कायम ठेवली.

कागदपत्रे लेखी मागा आणि पोच जपून ठेवा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. त्या जपण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षे आहे, म्हणून उशीर नको. नकार दिला तर तोच आपला पुरावा. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष लागतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आहे. तरी आपल्या प्रकरणात नवजात शिशुतज्ज्ञाचे मत मिळवाच. त्या विलंबानेच इजा झाली, हा दुवा समोरचा वकील नक्की तोडायला बघेल. मुंबईच्या डॉक्टरांकडे मत मागू नका, सविस्तर समरी मागा: दाखल झाल्याची वेळ, बिलिरुबिनचे आकडे, रक्तगट, कूम्ब्स तपासणी (तांबड्या पेशींवर आईची प्रतिपिंडे चिकटली आहेत का ते दाखवणारी). ते नाकारणे त्यांना कठीण जाईल.

पोलीस तक्रारीला सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घेतले जाते. आयोगाचे काम अडवून तो मार्ग धरू नये असे माझे मत. वकिलाचा खर्च जड वाटत असेल तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा; बालक आणि दिव्यांग व्यक्ती, दोन्ही नात्यांनी नात उत्पन्नाची अट न लावता पात्र ठरते. त्या कागदावर सही करू दिली नाहीत, हे उत्तम केलेत.

प्रतिसाद २

आजोबा, माझ्या मुलालाही सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे, आहे. खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, तेथे लहान मुलांसाठी थेरपी मिळते. वाशीचे ईटीसी हे दिव्यांग मुलांसाठीचे केंद्र नवी मुंबई महापालिकेचे आहे. आपण कळव्याचे, त्यामुळे हद्दीबाहेरच्या मुलांना घेतात का ते आधी विचारून जा. कानांसाठी वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवण दोषांची संस्था गाठा, कारण कर्निक्टेरसमध्ये बहुधा दोष कानात नसतो, श्रवणाच्या नसेच्या मार्गात असतो, आणि श्रवणयंत्र की कॉक्लिअर इम्प्लांट हे त्यावर ठरते. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज आजच करा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून वर्षाला एक लाखापर्यंतच्या उपचारांचा विमा मिळतो, थेरपीचाही त्यात समावेश आहे, पण त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आधी लागते.