मदत हवी आहे: घरात इनामाची सनद आहे, पण पुराभिलेखागाराच्या याद्यांत आडनावाने काहीच सापडत नाही

चिंचबन
घरात दोन जुने कागद आहेत. एक मोडी, दुसरी इंग्रजी अमदानीतली सनद (छापील नमुना, हाताने भरलेला). मोडी कागद एकाकडून वाचून घेतला. आमच्या पूर्वजांना दोन चावर जमीन इनाम दिल्याचं त्यात आहे. साल ११७९. ७८ मिळवले तर १२५७ येतं. यादवकाळातला कागद असू शकतो का?
याद्यांत आडनावाने शोधतोय, तीन दिवस गेले, एकही नोंद नाही. मूळ नोंद कुठल्या रुमालात (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात) असेल तेवढं सांगा, सोमवारी परत जायचं आहे. कागद घड्यांवर फाटत चाललेत म्हणून उद्या लॅमिनेशनला देतोय.

कागदकिडा
बाकीचं नंतर. लॅमिनेशनला देऊ नका! गरम रोलरमधून प्लास्टिक एकदा चिकटलं की ते पुन्हा निघत नाही, काढायला गेलं तर कागदाचा पापुद्रा सोबत येतो. मोडी कागदाची शाई बहुधा काजळी डिंकात कालवलेली असते. ती उजेडाने फिकी पडत नाही, पण कागदाच्या वरच बसलेली असते आणि ओल लागली की सुटते. म्हणून ओल्या फडक्याने पुसणंही नको. सेलोटेप तर अजिबात नको, काही वर्षांत त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो.
आत्ता एवढंच करा: घड्या उलगडून कागद सपाट ठेवा, वर-खाली आम्लरहित कागद, त्यावर पुठ्ठा, आणि फाइल आडवी ठेवा. फाटलेल्या घडीला मागून जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ लावतात. ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

बारनिशी
चिंचबन, रुमाल सांगायचा तर आधी हे हवं: गाव कुठल्या तालुक्यात? कुठल्या शहरातल्या पुराभिलेखागारात शोधताय? ११७९ आकड्यात आहे की शब्दात, शब्दात असेल तर नेमके कोणते? महिना कोणता? इनाम कुणाच्या नावे आणि कशाबद्दल? मोडी कागदाच्या मागच्या बाजूला काही लिहिलंय का? छापील सनदेवर नंबर आहे का?
यादवकाळाचा प्रश्नच नाही. तो शक नव्हे, शुहूर सन आहे, पेशवाईतल्या सरकारी कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिलं जाणारं साल.

खोतवाडी
आधी खोतीचं फैसलपत्रक काढा. १८८० च्या खोती कायद्यानंतर गावोगाव तयार झालं, त्यात प्रत्येक ठिकाणाचा धारेकरी, कूळ, खोताचा वाटा सगळं येतं. सगळी भांडणं तिथेच मिटतात. आमच्याकडे आधी तेच बघतात.

बारनिशी
खोतवाडी, ते रत्नागिरी-कुलाब्याकडे. यांचं गाव कुठलं ते अजून कळलेलं नाही.

चिंचबन
गाव पुरंदर तालुक्यात, शोधतोय पुण्यातच. हे सांगायला हवं असं वाटलं नाही. साल शब्दात आहे, "सु॥ तिसा सबैन मया व अलफ". तारीख "छ १४ सवाल". वाचणाऱ्यांनी ११७९ काढून दिलं. जमिनीपुढे "चावर ॥" अशा दोन उभ्या रेघा आहेत, म्हणून दोन चावर. पाठीवर काहीतरी आहे, ते वाचून घेतलं नाही. रुमाल नंबर सांगा ना.

बारनिशी
आता बोलता येईल.

साल: तिसा ९, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११७९. शुहूर सनात ५९९ मिळवायचे, मृगाच्या सुमारास म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात हे साल पालटतं, आणि जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. म्हणजे जून १७७८ ते जून १७७९. 'छ' म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याचा दिवस. त्या वर्षीचा सवाल (शव्वाल महिना) ऑक्टोबरच्या शेवटी लागतो, तेव्हा तुमचा कागद नोव्हेंबर १७७८ च्या पहिल्या आठवड्यातला. सवाई माधवरावांची कारकीर्द.

जमीन: त्या रेघा म्हणजे दोन नव्हेत. मोडी हिशेबात एक उभी रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन पाऊण. दोन चावर असते तर २ हा आकडा असता. चावर ॥ म्हणजे अर्धा चावर, ६० बिघे. (चावर १२० बिघ्यांचा, बिघा २० पांडांचा.) तुम्ही २४० बिघे धरून बसला असाल तर पुढचं सगळं गणित चुकणार. 'सु॥' मधल्या रेघा मात्र वेगळ्या, तिथे शब्द तोडल्याची ती खूण आहे. मौजेचं मौ॥, परगण्याचं प॥, तसंच ते. रेघ शब्दामागे आली की मापामागे, हे पाहून अर्थ लावायचा.

आडनाव: पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर घराण्यांप्रमाणे लावलेलंच नाही. कागद ज्या खात्यात निर्माण झाला त्या खात्याच्या गठ्ठ्यात तो राहिला. त्यात माणूस येतो तो नाव, बापाचं नाव, उपनाव, गोत्र, नाहीतर नुसता मोकदम, कुलकर्णी, जोशी म्हणून. आज लावता ते आडनाव तेव्हा त्या घराला होतंच असं धरू नका. शोध गावाने आणि तारखेने घ्या. पुरंदरचा बराच भाग तेव्हा प्रांत पुणे, तर्फ कऱ्हेपठार. कागदात 'त॥' (तर्फ, गावांचा गट) पुढे काय आहे ते पाहा, यादीत तेच नाव शोधायचं. आजच्या तालुक्याचं नव्हे.

बसायचं ते असं. रोजकीर्द (रोजच्या नोंदींची वही) तारखेने लावलेली आहे, तिथे छ १४ सवाल आणि तिथून पुढचा महिनाभर पाहा, कारण नोंद सनदेच्याच दिवशी पडली असेल असं नाही. घडणी (त्याच नोंदींचे खातेवार कागद) खात्याने लावलेल्या आहेत. पुणे जमाव आणि प्रांत अजमासाचे रुमाल प्रांताने. त्यात गावचा ताळेबंद मिळाला तर सनदेची नोंद हुकली तरी चालेल. एकूण जमिनीतून 'वजा इनाम' दाखवताना इनामदाराचं नाव आणि माप दरसाल लिहिलेलं असतं. असे लागोपाठ चार-पाच वर्षांचे ताळेबंद एका सुट्या सनदेपेक्षा बळकट.
मागणीपत्रावर दफ्तराचं नाव, रुमाल नंबर, पुडके (रुमालातला लहान गठ्ठा) नंबर, तिन्ही लिहा. नुसता रुमाल नंबर दिलात तर भलत्याच दफ्तरातला त्याच नंबरचा गठ्ठा समोर येतो.

सवाईगंधर्ववेडा
तारखेबद्दल थोडा थांबा. सबैन आणि समानीन मोडीत घाईने लिहिले की फसवतात. 'समानीन' असेल तर ११८९, म्हणजे १७८८. दोन्ही वर्षं सवाई माधवरावांचीच, त्यामुळे शिक्क्यावरून निकाल लागत नाही. सबा ७ आणि सबैन ७०, सित ६ आणि सितैन ६०, सलास ३ आणि सलासीन ३० यांतही हाच घोटाळा होतो. फोटो टाका.

बारनिशी
शंका रास्त आहे. समानीनमध्ये मधे 'मा' चा काना स्पष्ट खाली येतो, सबैनमध्ये तो नाही. तरी फोटो हवाच. चिंचबन, अख्ख्या कागदाचा एक, मग वरून खाली एकमेकांवर थोडे चढणारे पट्टे. उजेड एका बाजूने तिरपा, फ्लॅश नको, कडेला मोजपट्टी. दोन्ही बाजू.

शिवारफेरी
तुम्ही सगळे उलट्या टोकाकडून चालला आहात. १७७८ पासून पुढे येण्यापेक्षा आजपासून मागे जावं. सातबारा, त्यावरचे फेरफार क्रमाने मागे, मग जुना सर्व्हे नंबर (गट झाले असतील तर गटवारी पत्रकातून), मग आकारबंद आणि गाव नमुना तीन. नमुना तीन म्हणजे दुमाला (सारा पूर्ण किंवा काही माफ असलेल्या) जमिनींची नोंदवही. इनामाचा वर्ग, इनामदार आणि बऱ्याचदा सनदेचा नंबर तिथेच मिळतो. अर्ज तहसील अभिलेख कक्षात आणि भूमी अभिलेखात, दोन्हीकडे करा. भूमी अभिलेखात शेतवार पत्रक आणि क्लासर रजिस्टर मागा. रोजकीर्दीत महिना घालवून मिळालेली नोंद आज कुठल्या जमिनीची, हे मागून येणारी साखळी नसेल तर सिद्धच होत नाही.

बारनिशी
साखळी हवी हे मान्य. पण नमुना तीनची मजल इंग्रजी सनदेपर्यंत, तिच्या मागे तो जात नाही. आणि यांच्या घरात ती सनद आहेच! मग मधल्या दुव्यापासून दोन्हीकडे जावं. इनाम कमिशनची चौकशी १८५२ च्या अकराव्या कायद्याने चालली, पुढे १८६३ च्या दुसऱ्या कायद्याने देशावरच्या इनामांची सरसकट तडजोड झाली आणि अशा सनदा निघाल्या. चौकशीत इनामदाराने दिलेली कैफियत (लेखी निवेदन), वंशावळ आणि दाखवलेल्या जुन्या कागदांची यादी हे पुण्याच्या दफ्तरातच, जुन्या एलिनेशन ऑफिसच्या कागदांत पाहायचं. कैफियत सापडली तर तीन-चार पिढ्यांची नावं एकदम हाती येतात. दफ्तराची मांडणी समजायला सरदेसायांची १९३३ ची इंग्रजी मार्गदर्शिका वाचनकक्षात मागा.

शिवारफेरी
हे पटलं. फक्त बिघ्यांना एकरांत परस्पर गुणू नका. काठीची लांबी सगळीकडे एक नव्हती आणि जमिनीच्या प्रतीप्रमाणेही माप बदलायचं. एकर-गुंठे सर्व्हेच्या कागदावरूनच घ्या.

मोगरा_७७
जातीच्या दाखल्यासाठी असेल तर इनामाचे कागद नकोत, जुना गाव नमुना चौदा बघा, जन्म-मृत्यूची नोंद, बरीचशी मोडीतच असते. शाळेचा जुना दाखलाही चालतो.

चिंचबन
दाखल्यासाठी नाही. चुलतभावाचं म्हणणं की ही जमीन देवस्थान इनाम आहे, आम्ही फक्त पुजारी. आमच्या मते घराचं खाजगी इनाम. म्हणून मूळ कागद हवाय.

बारनिशी
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. मग रुमालापेक्षा आधी हातातले कागद नीट वाचा.

मोडी कागदात पाहायचं ते कारण. "वेदमूर्ती अमुक यांस… पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने" अशी चाल असेल तर इनाम माणसाला. "श्रीचे पूजा, नैवेद्य, नंदादीप याबद्दल" असेल तर देवाला, आणि माणूस वहिवाटदार. "कुलबाब कुलकानू, जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप सहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून" हा मजकूर दोन्ही प्रकारांत येतो, त्यावरून काही ठरवू नका.

खरा निवाडा छापील सनदेच्या मायन्यात आहे. देवस्थानाच्या सनदेत जमीन त्या देवाची देणगी म्हणून कायम चालू राहील असं असतं आणि अटी व्यवस्थापकांवर घातलेल्या असतात. खाजगी इनामाच्या सनदेत धारकाची खाजगी मालमत्ता असे शब्द, आणि सोबत जुडी-नजराण्याचे (इनामावर सरकारला द्यायच्या रकमांचे) आकडे. कुठली आहे?

कलम_नव्वद
कोर्टात जाणार असाल तर मूळ कागद जपा, झेरॉक्सवर भागणार नाही. तीस वर्षांपेक्षा जुन्या कागदाचं अक्षर आणि सही खरी मानण्याचं गृहीतक जुन्या पुरावा कायद्यात कलम ९० होतं, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ९२ आहे. कागद योग्य ताब्यातून आलेला हवा, म्हणून तो कुणाच्या पेटीतून कुणाकडे आला हे आजच लिहून ठेवा. मजकूर खरा आहे असं मात्र या कलमाने ठरत नाही. पुराभिलेखागारातून प्रमाणित नक्कल घ्या, मोबाइलचा फोटो पुरणार नाही. लिप्यंतर ओळीला ओळ, फाटलेली जागा कंसात, अंदाजाने भरलेलं अक्षर वेगळं दाखवलेलं. वाचणाऱ्याची सही त्यावर हवी.
खाजगी ठरलं तरी १ ऑगस्ट १९५३ पासून व्यक्तिगत इनामं खालसा झाली, त्यानंतरचा फेरफार काढा. देवस्थान इनाम त्या कायद्यात येत नाही. चुलतभावाचा मुद्दा त्यामुळेच महत्त्वाचा आहे.

बालाघाट
मुंतखब काढा, त्यात सगळं मिळतं.

शिवारफेरी
बालाघाट, मुंतखब (इनाम मंजुरीचा कागद) निजामाच्या मुलखातला. पुरंदरला तो नाही.

आजोळ
कागदाच्या पेटीत वेखंडाची पुरचुंडी ठेवा, कसर लागत नाही. कडुनिंबाचा पालाही चालतो.

कागदकिडा
वेखंड सुकं, कापडात बांधलेलं, कागदाला न टेकता ठेवलं तर हरकत नाही. कडुनिंबाचा पाला ओला राहिला तर बुरशी आणि डाग दोन्ही, तो नको.

चिंचबन
लॅमिनेशन रद्द केलं. छापील सनदेत देवाचं नाव आहे आणि खाली 'वहिवाटदार' म्हणून आमच्या खापरपणजोबांचं. मोडीत नंदादीप हा शब्द आहे, पण "पुत्रपौत्रादी" सुद्धा आहे. पाठीवर बारीक अक्षरात "बार" आणि पुढे एक तारीख. आता?

बारनिशी
'बार' म्हणजे कागद दफ्तरात नोंदला गेला. रोजकीर्द त्या तारखेपासून पाहा, छ १४ पासून नाही, निम्मं काम वाचेल. "पुत्रपौत्रादी" हे पूजेचा अधिकार वंशपरंपरेचा, एवढ्यापुरतंही असू शकतं. ते शब्द "इनाम" ला जोडलेत की "पूजा चालवणे" ला, हे पूर्ण वाक्य पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. मोडीत शब्द तोडलेले नसतात, म्हणून त्या ओळीच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन ओळींचा फोटो टाका. सोमवारी जाताना पेन्सिल न्या, रुमालाजवळ शाईचं पेन नको. आणि पहिली मागणी इनाम चौकशीच्या कागदांची करा, सनदेचा नंबर आणि गाव देऊन. देव की माणूस, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणार. तुमच्या खापरपणजोबांनी, नाहीतर त्यांच्या वडिलांनी काय उत्तर दिलं ते कैफियतीत पाहा.

चिंचबन
फोटो रात्री टाकतो. चुलतभावालाही सोमवारी बरोबर नेतोय.