अकरावीसाठी फिजिक्सची डिक्शनरी घ्यायचीय, चांगली कशी ओळखायची?

सांगलीची_ताई
भाऊ यंदा मराठी मीडियममधनं दहावी झालाय आणि अकरावी सायन्सला गेलाय, आता सगळं इंग्लिशमधनं. परवा क्लासवरनं आला आणि गप्पच बसला, सर तासभर मोमेंटम मोमेंटम करत होते आणि याला शेवटी कळलं की अरे हा तर आपला संवेग! विषय येतोय त्याला, नावं येत नाहीत, लई वाईट वाटलं बघा. गणपती पेठेत दुकानात दोन डिक्शनऱ्या बघितल्या, एक जाडजूड आणि एक बारीक पण आकृत्यावाली. मी कॉमर्सची, आतलं मला कळत नाही. दुकानदारकाका म्हणाले बसून निवांत बघा, तर नेमकं काय बघू?

फळा_खडू (सातारा)
ताई, शब्द किती हजार आहेत ते सोडून द्या. पोरं जिथं गोंधळतात त्या जोड्या काढून बघा, स्पीड आणि व्हेलॉसिटी, हीट आणि टेंपरेचर, मोमेंट आणि मोमेंटम. वजनाखाली एकक न्यूटन दिलंय का बघा, १ किलो वस्तुमानाचं वजन पृथ्वीवर साधारण ९.८ न्यूटन भरतं, तिथं नुसतं किलो लिहिलं असेल तर पुस्तक ठेवून द्या.

दुसरं, आणि हे मी वर्गात रोज बघतो म्हणून सांगतो, रेडिएशन काढा. आपल्या शाळेच्या पुस्तकात रेडिएशन म्हणजे प्रारण आणि स्कॅटरिंग म्हणजे विकिरण. हिंदीत मात्र रेडिएशनलाच विकिरण म्हणतात. हिंदी यादीवरनं उचललेल्या पुस्तकात रेडिएशनसमोर विकिरण सापडतं, आणि ज्या पोरानं आकाश निळं का दिसतं ते विकिरणानं शिकलंय त्याचं डोकंच फिरतं. शिकलेलं होतं तेही हातचं जातं हो.

वाईचा_इंजिनिअर
किलोग्रॅम पण काढा. पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा म्हणजे किलोग्रॅम, एवढंच लिहिलं असेल तर पुस्तक जुनं. २० मे २०१९ पासनं ती व्याख्या गेली, आता किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरनं ठरतो. आणि पहिल्या पानावर आवृत्ती कधीची ते बघा, पुनर्मुद्रणाचं साल नको, त्यात आतला मजकूर तोच असतो.

तासगावकर
मला विचाराल तर डिक्शनरी नकोच. मी पण मराठीतनंच गेलो, घरी आणलेली डिक्शनरी कपाटातच राहिली, कामाला आली ती माझी वही. रोज वर्गात अडलेले पाच-सहा शब्द, डावीकडं इंग्लिश, उजवीकडं मराठी, खाली स्वतःच्या भाषेत एक ओळ. दिवाळीपर्यंत भीती गेली.

फळा_खडू (सातारा)
वही हवीच, शंभर टक्के. पण वहीत चुकीचा अर्थ उतरला तर तोच पाठ होतो, म्हणून शेजारी एक खात्रीचं पुस्तक पाहिजे.

मिरजेचा_तंबोरा
आमच्या घरात सतारी, तंबोरे बनतात म्हणून मी कुठलंही पुस्तक रेझोनन्सवर तपासतो. सतारीची वरची तार छेडली की तिच्याखालची तरफेची तार हात न लावता बोलते, पण कधी? दोघींची कंपनं जुळली असतील तरच. हे 'जुळली तर' व्याख्येत आहे का बघा ताई. नुसतं 'मोठं कंपन होणे' लिहिलं असेल तर ती अर्धी व्याख्या झाली, आणि अर्धीच व्याख्या पोरगं परीक्षेत लिहून येतं.

सांगलीची_ताई
आज तासभर बसले दुकानात. जाडीत रेडिएशन = विकिरण, किलोग्रॅमला ठोकळाच, पुनर्मुद्रण गेल्या वर्षीचं पण आवृत्ती पंधरा वर्षांपूर्वीची. बारकीत प्रारण आहे, वजनाला न्यूटन आहे, रेझोनन्सला जुळण्याची अट पण आहे, तीच घेतली. तिच्यात मराठीवरनं इंग्लिश शोधायची सोय नाही, तेवढं वहीत करायला सांगितलंय भावाला. एक शंका राहिली, ईएमएफसमोर विद्युतचालक बल लिहिलंय आणि एकक व्होल्ट. बलाचं एकक न्यूटन ना? मग हे चुकलंय का?

फळा_खडू (सातारा)
नाही चुकलं ताई. नाव जुनं, तेच चिकटून राहिलंय, ते बल नव्हेच. प्रत्येक कूलोम प्रभारामागं बॅटरी किती ज्यूल ऊर्जा देते ते ईएमएफ, आणि ज्यूल भागिले कूलोम म्हणजेच व्होल्ट. 'हे बल नाही' अशी ओळ त्या नोंदीत आहे का बघा, नसेल तर पेन्सिलनं शेजारी लिहून ठेवायला सांगा त्याला.