शब्दचर्चा : ‘व्यसनी’ की ‘व्यसनग्रस्त’? आणि ‘पुनर्वसन’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : मानसिक आजार आणि व्यसन या दोन्हींनी ग्रासलेल्या बेघर लोकांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी मी एक पुस्तिका लिहीत आहे. ‘व्यसनी’, ‘व्यसनाधीन’ आणि ‘व्यसनग्रस्त’ यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल? ‘पुनर्वसन’ आणि ‘पाठपुरावा’ हे शब्द या कामात चालतील का?

प्रतिसाद : मी ‘व्यसनग्रस्त’ निवडेन. ‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ संकट, आपत्ती असा आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणाचे नावच ‘व्यसनाधिकारिक’ असून त्यात मद्य आणि द्यूत यांच्याबरोबरच आग, पूर, रोगराई आणि दुष्काळ यांचाही विचार केलेला आहे. मराठीत आपत्तीचा अर्थ मागे पडला आणि वाईट सवयीचा तेवढा उरला, त्यामुळे ‘व्यसनी’ म्हटले की माणसाच्या स्वभावावरच शिक्का बसतो. ‘पूरग्रस्त’, ‘दुष्काळग्रस्त’ यांच्या पंक्तीत ‘व्यसनग्रस्त’ बसवला की तो जुना अर्थ पुन्हा जागा होतो. ‘व्यसनाधीन’ चुकीचा नाही, पण ‘अधीन’मध्ये मला शरणागतीचा सूर ऐकू येतो. ‘मनोरुग्ण’ऐवजी ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ हे लांबलचक वाटले तरी तेच ठेवावे.

‘पुनर्वसन’ मात्र अवश्य वापरावा, कारण त्यात ‘वस्’, म्हणजे राहणे, हा धातू आहे. व्यसनमुक्ती केंद्राच्या पाटीवर हा शब्द इतका रुळला आहे की त्यातली वस्ती आपण विसरूनच गेलो आहोत. आधी नशा सोडा, उपचार घ्या, मग घराचे पाहू, असा क्रम पूर्वी सर्रास लावला जाई. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस यांनी ‘पाथवेज टू हाउसिंग’ ही संस्था सुरू करून तो उलटा केला : आधी घर, तेही व्यसन सोडण्याची किंवा उपचार घेण्याची पूर्वअट न घालता, आणि आधारसेवा त्याच्या जोडीला. या पद्धतीला ‘हाउसिंग फर्स्ट’ म्हणतात. मराठीत ‘आधी घर’ एवढे पुरे. आपल्या शब्दाचा मूळ अर्थ तिच्याशी किती जुळतो, ते पाहा.

‘पाठपुरावा’ला माझा विरोध आहे. पाठपुरावा अर्जाचा होतो, थकलेल्या बिलाचा होतो. पुलाखाली गाठोडे छातीशी धरून बसलेल्या बाईजवळ कार्यकर्ती रोज ठरल्या वेळी जाते, चार हात अंतर ठेवून जमिनीवर बसते, गाठोड्याला हात लावत नाही, स्वतःचे नाव सांगते आणि रात्री झोप लागली का, एवढेच विचारते. कित्येक दिवस उत्तर येत नाही, तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथे असते. याला मराठीत ‘विचारपूस’ म्हणतात. नोंदवहीतल्या रकान्यालाही हेच नाव द्यावे, असे मी सुचवेन.

प्रश्नकर्ता : ‘विचारपूस’ घेतो. ‘लाभार्थी’ हा शब्दही मसुद्यातून काढून तिथे ‘व्यक्ती’ घालत आहे.