बालरहस्यकथेतलं भूत: आरोपी की फिर्यादी?

पेठकरीण (धागाकर्ती)

आठ ते बारा वयाच्या मुलांसाठी एक रहस्यकथा लिहितेय, आपल्या कोल्हापुरात घडणारी. गल्लीतल्या पोरांना ती वाचून दाखवली, आणि शेवटावरून पोरांत आणि त्यांच्या आयांत सरळ दोन तट पडले. म्हणून इथे मांडते.

गोष्ट थोडक्यात अशी. शिवाजी पेठेतला जुना वाडा. आजी जाऊन वर्ष झालंय. एका पावसाळ्यात माळ्यावर रात्री पावलं वाजायला लागतात. मध्यरात्री, गॅस बंद असताना, शिजलेल्या आंबेमोहोराचा वास घरभर पसरतो. आजी आंबेमोहोरच रांधायची. घरात कुजबुज सुरू होते, म्हातारीचा जीव अडकलाय. थोरला काका वाडा विकायच्या घाईत, तो म्हणतो शांत करून घेऊ आणि मोकळे होऊ.

पाचवीतली नात मात्र संध्याकाळी माळ्यावर चाळणीनं रांगोळी भुरभुरते, पातळ थर, पाऊल पडलं की उमटलंच पाहिजे असा. सकाळी तिथे ठसे. मांजर असेल म्हणून ती उतरायला निघते, आणि शिडीवर थांबून परत वर जाते, कारण तिनं बोटं मोजलेली नाहीत. मांजराच्या ठशात चार बोटं उमटतात. इथे पाच आहेत. मग कौलांच्या फटीशी बिया भरलेली विष्ठा सापडते. उदमांजर! निशाचर, जुन्या घरांच्या माळ्यावर मुक्काम ठोकणारं, फळं खाणारं, आणि ज्याच्या अंगच्या गंधाला सुवासिक भाताचा वास येतो असं. पावलं सुटली, भातही सुटला.

माझं मत ठाम आहे. बालरहस्यकथेत भूत सुटलंच पाहिजे, आणि पुरतं सुटलं पाहिजे. शेवटच्या पानावर 'पण कोण जाणे…' असं शेपूट ठेवणं ही मुलांशी बेइमानी आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकानं १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यातला दुसराच नियम अलौकिक शक्तींना मज्जाव करतो. नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता हे विशेष. श्रद्धा त्याला होतीच, पण वाचकाला कोडं घातलं की उत्तर त्याच्या आवाक्यातलं हवं, एवढा न्याय तो पाळत होता.

मोठी माणसं दहा वर्षांच्या मुलीचं ऐकत नाहीत. तिच्या हातात असतं काय? चाळणी, रांगोळी आणि मोजायची चिकाटी. तेवढ्यावर ती अख्ख्या घराला गप्प करते. शेवटी भूत खरंच होतं म्हटलं, तर तिनं बोटं मोजली ती कशाला?

मंगळवारातली आई

ताई, मी त्या दुसऱ्या तटातली. माझा मुलगा नऊ वर्षांचा, तुमच्या वाचनाला पुढ्यातच बसला होता. उदमांजर निघालं तेव्हा बाकीची पोरं ओरडली. त्यानं घरी येऊन विचारलं, "मग आजी नव्हतीच?" आमच्याकडं त्याचे आजोबा नुकतेच गेलेत.

भूत म्हणजे भीती, असं तुम्ही धरून चालताय. पण तुमच्याच गोष्टीत भूत भाताच्या वासानं येतं. माझ्या पोराला त्याची भीती नाही वाटली, त्याला ते हवंहवंसं वाटलं. आधी आजी दारापर्यंत आणलीत आणि मग तिच्या जागी जनावर उभं केलंत.

नॉक्सच्या नियमाचंही बघा. भुतानं गुन्हा केला, भिंतीतून पळालं, अशी उत्तरं त्याला नको होती. म्हणजे भूत आरोपी नको. बरोबरच आहे. पण फिर्यादी का नको? आपल्याकडची भुतं बहुतेक फिर्यादीच आहेत. सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुंजा, बाळंतपणात गेलेली हडळ, ठेव्यात जीव गुंतलेला समंध. प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलंय. मग तपास करणाऱ्या पोरीचं काम काय, तर काय राहिलं ते शोधणं. त्यालाही ठसे लागतात, कागद लागतात, माणसं बोलती करावी लागतात. भूत खरं ठेवूनही डोकं चालवता येतं की.

पन्हाळ्याचे गुरुजी

मी प्राथमिक शाळेत शिकवतो आणि मला ही 'फिर्यादी भूत' कल्पना पटत नाही. साहित्यात ती गोड वाटते, गावात तिचं काय होतं ते मी पाहिलंय. वर्गातली एक मुलगी अचानक शाळेत यायची बंद झाली. चौकशी केली तर तिच्या आईवर करणीचा संशय घेतलेला, शेजारची पोरं तिच्या डब्याला हात लावेनात. त्या पोरांच्या डोक्यात ते घातलं कुणी? घरात रात्री सांगितलेल्या गोष्टींनीच.

महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात काय आहे ते वाचा. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडानं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं. कुणी कल्पनेनं लिहिलेली ही यादी नव्हे, हे घडत होतं म्हणून लिहावं लागलं. या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात हत्या झाली. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच कोल्हापुरात. अशा गावात बसून मुलांसाठी लिहिताना भूत खरं ठेवायचं की खोटं, हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

पेठकरीणताई, तुमचं उदमांजर हलवू नका. काकाचा 'शांत करून घेऊ' हा डाव मात्र अजून उघडा करा. भुताचा फायदा कुणाला होतो, हे पोरांनी विचारायला शिकलं पाहिजे.

मंगळवारातली आई

गुरुजी, त्या मुलीबद्दल वाचून फार वाईट वाटलं, आणि कायद्याबद्दल तुमचा शब्द न् शब्द मान्य. पण त्या बाईला छळणाऱ्यांनी एक तरी फिर्याद ऐकून घेतली होती का? त्यांनी बाईकडे बोट दाखवलं आणि चौकशी संपवली. हडळीच्या गोष्टीत बाई भिववते एवढंच सांगतात. बाळंतपणात ती एकटी का होती, वैदू-डॉक्टर का आणला नाही, हे कुणी विचारत नाही. ते विचारणारी पोरगी मला गोष्टीत हवी आहे. तुमच्या वर्गातल्या मुलीच्या बाजूनं तीच उभी राहील.

रंकाळावासी

दोन्हीकडचं वाचलं. आता आमच्या नंदीचं सांगतो. रंकाळ्याकाठचा नंदी रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो, आणि ज्या दिवशी तळ्यापर्यंत पोचेल त्या दिवशी प्रलय, असं आम्हाला लहानपणी सांगितलेलं. गल्लीतल्या पोरांनी काय केलं, नंदीच्या पायाशी फरशीवर खडूनं रेघ मारली. रोज शाळा सुटली की बघायला. पावसानं रेघ धुतली की पुन्हा मारायची. नंदी हलला नाही, आणि एवढं होऊनही एकानंही तिथं जायचं सोडलं नाही. मोजलं म्हणून मजा गेली नाही, उलट मोजायचं म्हणूनच जात होतो. तेव्हा मी ताईंच्या बाजूचा.

फक्त दोन गोष्टी सांगायच्या आहेत. काका वाडा विकायला टपलेला, हे फार झालंय. असल्या प्रत्येक गोष्टीत जागेच्या लोभापायी कुणीतरी पांढरी चादर पांघरतंच, पोरांना पहिल्या प्रकरणातच वास येतो. काकाला खरंच भीती वाटू दे. मोठा माणूस घाबरलेला बघणं पोरांना जास्त हलवतं. दुसरं, उदमांजर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. शेवटी काका पिंजरा लावतो आणि सगळे टाळ्या वाजवतात असलं काही नको. वनखात्याला फोन लावा, नाहीतर तिथंच राहू दे त्याला.

पेठकरीण (धागाकर्ती)

काकाबद्दलचं पटलं, तो घाबरेल. गुरुजींचा सवाल त्यासाठी सोडावा लागत नाही; भुताचा फायदा घ्यायला शांत करून देणारा मनुष्य आहेच, दक्षिणा सांगून गेलेला. उदमांजर माळ्यावरच राहील, पिल्लं मोठी होईपर्यंत.

मंगळवारातल्या ताई, तुमच्या मुलाचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. पण त्याला उत्तर म्हणून आजीला भूत करून आणणार नाही. ते मला खोटं सांत्वन वाटतं. नऊ वर्षांच्या मुलानं आज ते घेतलं तर उद्या माळ्यावर आजोबांची वाट बघत बसेल, आणि ते येणार नाहीत. त्यापेक्षा असं करते. ठशांचा उलगडा झाल्यावरही नातीची वही बंद होत नाही. आंबेमोहोरच का, हे तिला कळलेलं नसतं. आजीचं माहेर भाताच्या मुलखातलं, गगनबावड्याकडचं. ट्रंकेतल्या जुन्या पत्रांवरून आणि माहेरच्या जमिनीच्या फेरफार उताऱ्यावरून ती शोधत जाते, की माहेरचा जमिनीतला वाटा आजीनं भावाला सोडून दिला होता, आणि त्याबदली दर सुगीला तांदळाचं एक पोतं येत होतं. घरात हे कुणालाच ठाऊक नाही, काकालाही नाही. फिर्याद आहे, ताई. ती आजीनं जिवंतपणी केली नाही, आणि मेल्यावरही तिच्याकडून करवून घ्यायची गरज नाही. नात करेल.

मंगळवारातली आई

पोत्याचं ऐकून गलबलून आलं. हे प्रकरण आधी लिहा. तरी सांगते, मत बदललेलं नाही. पत्रं वाचून संपल्यावर त्या रात्री भाताचा वास आला, आणि तेव्हा उदमांजर माळ्यावर नव्हतं, एवढी एक ओळ तुम्ही लिहिली असती तर कुणाच्याही आईला मिरचीची धुरी बसली नसती. माझ्या पोराला ती ओळ हवी आहे. पुढचं वाचन कधी ते कळवा, तो तुम्हाला स्वतःच विचारणार आहे.