वडिलांच्या वयाच्या कामगारांना बोलतं कसं करायचं?

प्रश्न: सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात नुकताच सुपरवायझर झालोय. खात्यात सगळे मामा, वडिलांच्या वयाचे. मीटिंगमध्ये "काही अडचण?" म्हटलं की मालकांच्या तोंडाकडे बघतात. चहाच्या कँटीनवर मात्र तोंड सुटतं. टॉवेलचा काठ सैल येतोय, हे मला तिथं कळलं!

उत्तर १: मालकांसमोर विचारताच कशाला? हॉफस्टेड या डच संशोधकाच्या सत्ता-अंतर निर्देशांकात (गुण जास्त, तितकी वरच्यांची सत्ता लोक निमूट मान्य करतात) भारताला 77 गुण, ऑस्ट्रियाला 11. मोठ्यांपुढं बोलायचं नाही, हे आपण घरातूनच शिकून येतो. लूमपाशी जाऊन एकेकट्याला विचारा.

उत्तर २: तेलुगू मामा असतील तर दोन शब्द तेलुगूत बोला की. आणि गड्ड्याच्या जत्रेला सुट्टी अडवू नका, वर्षभर राग धरतात.

प्रश्नकर्ता: लूमपाशी गेलो. "ताणा बघा साहेब" म्हणत मामांनी स्वतःच बीम (ताण्याचे, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ) दाखवला. सुट्टीचं मालकांना तुम्हीच सांगा राव!